मोहाखालची आग

पहाटे ३.१०

गजर व्हायच्या आधीच जाग आली. खिडकीच्या पडद्यावर नारिंगी उजेड चढला आणि मिनिटभरात उतरला. पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीचा स्लॅग ओतला. भिलाईत वाढलेलं माणूस या उजेडाने दचकत नाही, कूस बदलतं. बाबा वर्ध्याहून इथे नोकरीला आले ते १९६१ साली. पहिली ब्लास्ट फर्नेस तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं होतं. आजी पत्रात लिहायची, ‘जंगलात राहता, पोरांना जपा.’ तिला कोण सांगणार, की भिलाईच्या जागी जंगल नव्हतंच, धानाची शेतं होती. भिलाईसाठी जंगल गेलं ते इथून नव्वदेक किलोमीटरवर, दल्ली-राजहराच्या डोंगरांवर.

आज तिकडेच जायचंय. मी इथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. दर एप्रिलमध्ये एम.एस्सी.च्या दोन-तीन पोरांना घेऊन बालोद जिल्ह्यातल्या रानात आमचे आखलेले तुकडे मोजायला जाते. चहा उकळेपर्यंत फोनवर नकाशा उघडला. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांवरून वणवे शोधते. आधी फक्त एक किलोमीटरची चौकट दिसायची, २०१७ पासून ३७५ मीटरची दिसते. उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास एकदा वरून जातो आणि रात्री दीडच्या सुमारास पुन्हा. रात्रीच्या फेरीचे ठिपके अजून आलेले नाहीत, कालचे आहेत. डौंडीच्या बाजूला सात-आठ.

जगभरची उष्णता दाखवणाऱ्या नकाशावर भिलाईवरही एक लाल ठिपका असतो. तो वर्षाचे बारा महिने तिथेच. उपग्रहाच्या डोळ्याला वणवा काय आणि भट्टी काय, दोन्ही ऊनच. फरक माणसांनी करून ठेवलाय: भट्टीचा ठिपका वगळायचा आणि रानाच्या हद्दीतला असेल तर बीट गार्डच्या फोनवर संदेश पाठवायचा. हा फरक मला रोज थोडा गमतीचा वाटतो.

३.५०

बोलेरो आली. उतईवरून गुंडरदेहीकडे. पोरं मागे झोपली. दोन्ही बाजूंना काळोखात शेतं आणि बांधावरच्या बाभळी. या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की बालोद ओलांडल्यावर खिडकी उघडली तर हवेत दोन वास एकमेकांत मिसळलेले येतात. एक जळक्या पाल्याचा, दुसरा मोहाचा.

५.१५

गाडी गावाबाहेर सोडली. मोह पहाटे गळतो, त्यामुळे बायका आपल्या आधी पोचलेल्या असतात. टोपल्या, डोक्याला बांधलेले मोबाइलचे दिवे, अर्धवट झोपेतली पोरं. फुलं थबथब पडताहेत. त्या आवाजाला पावसाच्या पहिल्या जाड थेंबांचीच उपमा देता येईल. फिकट पिवळी, रसाने फुगलेली. बोटांना चिकट लागतात आणि तासाभरात सगळ्या अंगाला गोडसर वास येऊ लागतो.

झाडाखालची जमीन काळी. बुंध्यापासून फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेपर्यंत गोल राख, आणि त्या काळ्यावर फुलं चांदण्यासारखी स्वच्छ दिसतात. जाळण्याचं कारण एवढंच. मार्चमध्ये साजा, तेंदू, पळस, धावडा सगळ्यांची पानं खाली आलेली असतात, घोट्याइतका थर. त्यात पडलेलं फूल शोधायचं तर पान न् पान उलटावं लागेल.

मी दरवर्षी विचारते तेच दाईला, फुलं वेचणाऱ्या म्हातारीला, विचारलं: पाला जाळता कशाला? ती हसली. “पतई ला नइ जलाबो त महुआ कइसे दिखही, नोनी?” पाला नाही जाळला तर मोह दिसायचा कसा, पोरी? माझं वय पन्नाशी ओलांडलेलं, पण तिच्यापुढे मी नोनीच.

खराट्याने झाडून घ्यायचं आणि ढीग संध्याकाळी वारा पडल्यावर उभं राहून जाळायचा, हे ती करते. तिची सून करत नाही. सुनेच्या वाट्याला चार झाडं आहेत, दोन मुलं आहेत, नवरा रायपूरला बांधकामावर. दुपारी काडी लावून ती स्वयंपाकाला निघून जाते. आगीला मग पुढचं झाड कुणाचं हे कळत नाही. या भागातल्या बऱ्याच वणव्यांचा जन्म इतका साधा असतो. इथे त्याला कुणी वणवा म्हणतही नाही. ‘आगी लगे हे’ म्हणतात, भात लागलाय म्हणावं तशा सुरात.

आणि हे करू नका म्हणणं सोपं असलं तरी मोह म्हणजे रोख पैसा. २०२० मध्ये छत्तीसगड सरकारने वाळल्या मोहफुलाचा दर किलोला १७ वरून ३० रुपये केला. लॉकडाउनच्या त्या उन्हाळ्यात अनेक घरांत तेवढाच पैसा आला. काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलायची पद्धत वनखात्याने आणली. फूल स्वच्छ मिळतं, जास्त भाव मिळतो, आग लागत नाही. इथे एका झाडाखाली अशी हिरवी जाळी पाहिली. बाकीच्यांखाली राख.

झाडं मात्र बघावी अशी. दोघांच्या कवेत न मावणारे बुंधे. रान कितीही वेळा कापलं गेलं असो, मोहाला कुणी कुऱ्हाड लावली नाही. कुठलं झाड कुणाच्या घराचं हे कागदावर कुठे नाही, सगळ्यांना ठाऊक आहे, आणि लेकीच्या लग्नात त्याचीही वाटणी होते. इथल्या रानात मोह इतका का, याचं पुस्तकातलं उत्तर माती आणि पाऊस. खरं उत्तर या बायका आणि त्यांच्या आज्या.

७.३०

तुकड्यावर आलो. दोरी ताणून दहा बाय दहा मीटरचे चौकोन. जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप गुंडाळून घेर मोजायचा, जात लिहायची, सालीवर काळिमा किती उंचीपर्यंत चढलाय ते लिहायचं. बहुतेक झाडांवर तो गुडघ्याच्या आत-बाहेर थांबतो. कॅलिफोर्नियाच्या बातम्यांत शेंड्याशेंड्यांवरून उडत जाणारी आग दिसते, तसली ही नव्हे. इथली आग जमिनीवरून सरपटते, पाला खाते आणि पुढे जाते. मोठ्या झाडाला तिचं फारसं काही नाही. साजाची, म्हणजे आपल्या ऐनाची, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली जाड साल बघितली की कळतं, हे झाड आगीचा हिशेब करूनच उभं आहे. पळस जळतो आणि बुडातून पुन्हा फुटतो. तेंदूचं तर मुळातूनच चालतं: वरचं झुडूप जळालं की मुळांमधून नवे धुमारे येतात आणि त्यांची पानं मोठी, मऊ, विडीला हवी तशी असतात.

म्हणून दुसरी आग. मोहानंतर एप्रिलअखेरीस तेंदूपत्त्याचा हंगाम. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटली की नवी पानं धरतात. गडचिरोली-भंडाऱ्याकडे याला बेलकटाई म्हणतात, इथे बूटा कटाई. छाटायला मजुरी लागते. काडीला काही लागत नाही. पन्नास पानांची एक गड्डी, हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा, आणि एका बोऱ्याला सध्या ५५०० रुपये. पानाला अकरा पैसे पडतात. पोरांना हा भागाकार तिथेच, उन्हात करायला लावते.

सगळ्यांत शहाणं झाड इथे विरळ आहे. ते बघायला अजून दक्षिणेला कोंडागावकडे जावं लागतं: साल, छत्तीसगडीत सरई, छत्तीसगडचा राज्यवृक्ष. त्याचं बी पावसाच्या तोंडावर पिकतं आणि जमिनीवर पडल्यावर जेमतेम आठवडाभर जिवंत राहतं. म्हणजे उन्हाळ्यातली आग होऊन गेल्यावर, पाला जळून उघड्या पडलेल्या मातीवर ते पडतं आणि लगेच पावसात रुजतं. पुढच्या उन्हाळ्यात रोप जळतं, नाहीतर वाळतं, नाहीतर गुरं खातात. मूळ मरत नाही. पावसाळ्यात पुन्हा फुटतं, उन्हाळ्यात पुन्हा जळतं. असं वर्षानुवर्षं. मूळ खाली गाजरासारखं जाडजूड होत राहतं आणि एखाद्या वर्षी सगळा साठा लावून रोप सरळ वर जातं, आगीच्या डोक्यावर.

पण त्यासाठी मध्ये काही वर्षं आग नको. माझं या रानाबद्दलचं सगळं म्हणणं या एका वाक्यात मावतं. आगीने हे रान घडवलं हे खरं, आणि आज ती त्याची पोरं खातेय हेही खरं. फरक पडतो तो दोन आगींमधल्या अंतराने. चार-पाच वर्षांची फट मिळाली तर रोप ज्वाळेच्या उंचीवर डोकं काढतं. दरवर्षी पेटलं तर म्हातारी झाडं आणि खाली काळी जमीन, मधली पिढीच नाही. आमच्या चौकोनांत नेमकं हेच दिसतं.

चौकोनांचीही एक गोष्ट आहे, आणि चूक माझी. सुरुवातीला पैसे वाचवायला मी झाडांना प्लास्टिकचे बिल्ले लावले. दुसऱ्याच वर्षी तुकड्यातून आग गेली आणि खालच्या फांद्यांवरचे सगळे बिल्ले वितळून थेंब झाले. कुठलं रोप कुठलं ते कळेना, वर्षभराची नोंद वाया गेली. तेव्हापासून ॲल्युमिनियम. पोरांना हे मुद्दाम सांगते, ती मला हसतात, आणि मग विसरत नाहीत.

१०.४०

फायर वॉचर कका मोटारसायकलवरून आला. पाठीवर ब्लोअर. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असतो, तेवढ्यापुरतं त्याला काम. फोनवर संदेश आलाय, पण त्याआधीच त्याला धूर दिसला होता. “उपग्रह मोर ले पाछू आथे, मॅडम.” उपग्रह माझ्या मागून येतो.

आम्हीही गेलो. टेकडीच्या पोटावर आगीची एक लांब दोरी, वर सरकणारी. चढावर ती पळते, उतारावर रेंगाळते. आवाज वाटेल तेवढा मोठा नाही, कोरड्या पापडांचा चुरा करावा तसा. कका आणि दोन मुलं पुढच्या पाऊलवाटेवर गेली. ब्लोअरने हात-दीड हात रुंदीचा पाला उडवून जमीन उघडी केली. वनखात्याची मोठी जाळरेषा ट्रॅक्टर जाईल इतकी रुंद असते; ही तिची पोर. आग तिथवर आली, जमिनीकडे बघितल्यासारखी थांबली आणि विझली. जिथे उडी मारली तिथे पोरांनी हिरव्या फांद्यांनी झोडपली. दीड तास गेला. माझ्या एका विद्यार्थ्याच्या बुटाचा तळ सुटला.

आग कुणी लावली, हे कुणी विचारलं नाही. पाणी पिताना मीच विचारलं. कका म्हणाला, वरच्या पाड्याचे मोह आहेत तिथे. मग जरा थांबून, “हमर घर के घलो दू ठन रुख हे.” आमच्या घरची पण दोन झाडं आहेत. आग विझवणारा आणि लावणारा बहुतेकदा एकाच घरात जेवतो. गुन्हा नोंदवायचा म्हटलं तर १९२७ चा वन कायदा आहे. पण सगळ्या गावाला आत टाकायला तुरुंग किती मोठा लागेल?

विजेने लागलेली आग इथे जवळजवळ नसतेच, कारण वीज पावसाबरोबर येते. म्हणजे हे रान जेवढ्या वेळा जळलं, जवळजवळ तेवढ्या वेळा कुणीतरी काडी किंवा चकमक झाडली.

१.००

नाल्याच्या सावलीत डबे उघडले. ककाकडे बासी: रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, मीठ, कांदा, हिरवी मिरची. माझ्या पोळीभाजीपेक्षा या उन्हात तीच बरी, म्हणून दरवर्षी अर्धी वाटून घेते.

जेवताना पोरांचा प्रश्न आला: मॅडम, आग पूर्ण बंद केली तर? हे करून झालंय. सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात १८६० च्या दशकात कर्नल पिअर्सनने आग बाहेर ठेवून दाखवली, आणि साहेबाला वाटलं मार्ग सापडला. आगबंदी म्हणजेच वनखातं, असं पुढची काही दशकं चाललं. मग १८९६ मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’ मासिकात स्लेड नावाच्या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातली आगबंदी अति झाली असं लिहिलं: ओल्या सागवनात आग थांबवली की खाली बांबू आणि सदाहरित झुडपं माजतात आणि सागाची रोपं उजेडाविना मरतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या बऱ्याच सागवनांतून आगबंदी उठवावी लागली. बंगाल-आसामकडच्या ओल्या सालवनांतही हाच अनुभव आला. आपलं इथलं रान कोरडं आहे, तिथला नियम इथे जसाच्या तसा चालणार नाही. पण ‘आग म्हणजे शत्रू’ हे वाक्य वनखात्याच्या स्वतःच्याच मासिकात सव्वाशे वर्षांपूर्वी मोडलं होतं, एवढं पोरांना माहीत असावं.

मग गोष्ट अजून मागे जाते. लखनऊच्या बीरबल साहनी संस्थेतले लोक मध्य भारतातल्या तळ्यांचा गाळ नळीने उपसून त्यातले परागकण मोजतात. पाऊस वाढला त्या काळाच्या थरात झाडं दाट, कमी झाला तिथे गवत जास्त, आणि कुठल्यातरी थरापासून धान्याचे परागकण दिसू लागतात: माणूस आला, शेती आली. रान कधीच एका जागी उभं नव्हतं. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तर सुमारे साडेसातशे वर्षांच्या मराठी ओव्या, चरित्रं आणि आख्यायिका चाळून त्यांतली झाडं मोजली. बोर, हिवर, बाभूळ, पळस. पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं ही कुणी तोडून ओसाड केलेली जंगलं नाहीत, ती आधीपासूनच विरळ झाडांची गवताळ रानं होती, असा त्यांचा निष्कर्ष. मला यात सगळ्यांत आवडलं ते हे, की जात्यावरची ओवी वनस्पतिशास्त्राची नोंदवही निघाली.

२.४५

उरलेले दोन चौकोन भराभर आटोपले. टेप हातात धरवत नव्हती. एका पोराला गरगरलं, त्याला सावलीत बसवून मीठ-साखरेचं पाणी दिलं. मध्येच ककाने सगळ्यांना पटकन रस्त्यावर आणलं. पलीकडच्या नाल्यात हत्ती असल्याचा फोन होता. अलीकडच्या काही वर्षांत हत्ती बालोदपर्यंत उतरलेत. दिसले नाहीत. बरं झालं.

रस्त्यावरून दल्ली-राजहराचे लाल, पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले डोंगर दिसतात. यांचं लोखंड प्रमथनाथ बोस या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये नोंदवलं. पुढे दोराबजी टाटा नागपूरला आले असताना तिथल्या संग्रहालयात त्यांना दुर्ग जिल्ह्याचं लोखंड दाखवणारा नकाशा दिसला आणि त्यांची माणसं इथवर येऊन गेली. लोखंड भरपूर, पण जोडीला लागणारा कोळसा जवळ नाही, म्हणून टाटा पूर्वेला गेले आणि डोंगर आणखी अर्धं शतक उभे राहिले. त्यांच्या कितीतरी आधी अगरिया लोक मध्य भारतात मातीच्या हातभर भट्ट्यांत लोखंड गाळत होते, रानाच्याच लाकडाच्या कोळशावर. भाते पायांनी चालवायचे. तीही आग रानानेच पोसली. एकट्या भिलाईला दोष देऊन सुटता येत नाही.

५.३०

परत. गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. ककाचं एक वाक्य डोक्यात घोळतंय: आधी होळीनंतर पान गळायचं, आता होळीच्या आधीच जमीन वाजायला लागते. हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२२ चा मार्च त्या वेळेपर्यंतचा सर्वांत उष्ण ठरला, आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीने तसाच विक्रम केला. पाला लवकर पडतो, जास्त दिवस वाळतो. काडी तीच, पण ती आता जास्त दिवसांच्या कोरड्यावर पडते. सुनेसारखीच चूक पूर्वी कुणी केली, तर आग तेव्हा पन्नास पावलांवर विझत असेल.

मग करायचं काय, हे गाडीत पोरांनी विचारलंच. धमतरी जिल्ह्यातल्या जबर्रा गावाला २०१९ मध्ये वनहक्क कायद्याखाली ५३५२ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्याच्या दहा वर्षं आधी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला मिळाला होता. रान आपलं असं कागदावर आलं, की यंदा कुठला तुकडा जाळायचा, कुठला चार वर्षं राखायचा, जाळी कुणाला आधी द्यायची, हे गावाला ठरवता येतं. ठरवतीलच असं नाही. पण दीडशे वर्षं दुसऱ्यांनी ठरवून पाहिलं, आणि त्याचा निकाल आज सकाळी सात-आठ ठिपक्यांत फोनवर होताच. राज्यभर पाहिलं तर २०२३-२४ च्या हंगामात उपग्रहांनी छत्तीसगडात सुमारे १९ हजार आगी टिपल्या.

८.१५

आंघोळ केली तरी केसांतून धुराचा वास जात नाही. पोरांनी पाठवलेले आकडे वहीत उतरवले. साजा, धावडा, तेंदू, चारोळी, पळस. मोठी झाडं, मधली, रोपं. पलीकडे प्लांटवर पुन्हा नारिंगी उजेड चढला आणि उतरला.

शेवटची ओळ मोहाची. मोठी झाडं नऊ. मधली एकही नाही. रोपं शून्य.